वाट्याच्या गोळ्या

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण ज्याने काढली, तो सरकारी दवाखान्याच्या पायरीवर कधी बसलेला नसावा. मी नोकरीची निम्मी वर्षं फुकटचं औषध वाटण्यात घालवली. घेणाऱ्याच्या तोंडावर बहुतेक वेळा एकच भाव असायचा: देतायत तर घेऊन ठेवू, गुण येईल नाहीतर नाही.

त्यात आमच्या घरी दोन्ही पक्ष एकाच चुलीवरचं जेवत होते. मी हिर्डोशीच्या पलीकडे एका उपकेंद्रावर सरकारी नर्स आणि आमचे हे भोरात एका खाजगी डॉक्टरांकडे कंपाउंडर. भोरात आमच्या दोन खोल्या होत्या. शनिवारी दुपारच्या एसटीने मी खाली यायची आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परत वर. मधला रविवार विश्रांतीचा, असं शेजाऱ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात रविवारी आमच्याकडे सरकारी विरुद्ध खाजगी असं भांडण लागायचं, आणि ते आमटीला फोडणी बसल्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत चालायचं.

हे म्हणायचे, तुमच्याकडे औषधांपेक्षा रजिस्टरं जास्त. मी म्हणायची, तुमच्याकडे रोगांपेक्षा सुया जास्त. त्यांच्या डॉक्टरांची गरम सुई सगळ्या खोऱ्यात प्रसिद्ध होती. ती कॅल्शियमची. शिरेत हळूहळू सोडली की घशापासून तळपायापर्यंत अंग ऊन होतं आणि माणसाला वाटतं, औषध आत शिरलं, रोगाला धरलं. ताप असो, कंबर असो, गरम सुई ठरलेली. तिच्यात काय असतं आणि काय नसतं, हे ह्यांनाही पक्कं ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की माणूस सहा-सहा तास चालून येतो, त्याला काहीतरी झाल्यासारखं वाटायला नको का? यावर मी भांडी जरा जोरात घासायची.

खरं सांगायचं तर त्यांचे डॉक्टर वाईट नव्हते. नऊ म्हणजे नऊला खुर्चीत बसायचे. रोग्याच्या पाठीवर हात ठेवून बोलायचे. आमच्या मुख्य केंद्रावरचे डॉक्टर महिन्यातले किती दिवस असतील, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कधी मीटिंग, कधी बदली, कधी जागाच रिकामी. वरच्या वाडीतला माणूस दारावरचं कुलूप बघून परत गेला, की पुढची दोन वर्षं तो भेटेल त्याला कुलूपच सांगायचा. मी सरकारची बाजू घेऊन घरात भांडायची खरी, पण ते कुलूप मला कधी लपवता आलं नाही.

हिर्डोशीला एसटीतून उतरलं की पुढे दोन पाय. खाली भाताची खाचरं, त्यावर नाचणीची उतरणं आणि सगळ्यात वर गुरं-शेळ्या राखणाऱ्या धनगरांचे वाडे. एकेका वाड्यात चार-सहा घरं. खांद्याला पिशवी, पिशवीत उकळलेल्या सुयांचा डबा आणि कागदात बांधलेल्या गोळ्या. आम्ही बौद्ध. पहिल्या वर्षी वरच्या वाड्यात मला पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं, आणि मी गोळ्या दगडावर ठेवायच्या, मग त्या लोकांनी उचलायच्या. गोळ्यांना विटाळ नसतो हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांच्याच कपातून चहा मिळू लागला. मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही. तेवढं चढून गेल्यावर बोलण्याइतका जीवच उरत नसे.

त्याच वाड्यातली एक सून. वीस-बावीस वर्षांची असेल. लेकराला देवी टोचून घ्यायला माझ्यासमोर बसली होती आणि सारखी पदरात खोकत होती. एकदा खोकून झाल्यावर तिने पदराचं टोक चटकन आत दुमडलं. मी ते उलगडून पाहिलं. लाल होतं. किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाली, भात झोडल्यापासून. तिची थुंकी मी भोरला पाठवली. क्षय निघाला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, त्यात एका बाजूला पोकळी दिसली.

तेव्हा क्षयाचं औषध म्हणजे दोन महिने दिवसाआड इंजेक्शन आणि दीड वर्ष रोज गोळ्या. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं आणि मी तिला, तिच्या नवऱ्याला, सासूला तीन-तीनदा सांगितलं: पुरं घेतलं तर पोरगी वाचेल. अर्धवट घेतलं तर रोग निर्ढावतो, मग कुठलंच औषध लागू पडत नाही. सासू शहाणी बाई होती. वाड्याचा कारभार तिच्या हाती. तिने मान डोलावली आणि सुनेला म्हणाली, जायचं इंजेक्शनाला, म्हशीचं मी बघते.

दोन महिने ती सून लेकरू कडेवर घेऊन दिवसाआड खाली उपकेंद्रावर यायची. दोन तास उतरायचं, दोन तास चढायचं. मी सुई उकळून तयार ठेवायची. दोन महिन्यांत तिच्या गालांवर मांस आलं. धार काढताना आता धाप लागत नाही, असं तिने मला हसत सांगितलं, आणि त्या दिवशी मी स्वतःवर एवढी खूश होते, की परतताना चिखलात बसकण मारली तरी मला राग आला नाही.

मग गोळ्यांचे महिने सुरू झाले. महिन्यातून एकदा मी वर जायची. गोळ्या सुट्या, पांढऱ्या. केंद्रावरच्या मोठ्या बरणीतून मोजून मी कागदात बांधून न्यायची. सासू त्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. पुढच्या महिन्यात गेले, की मी डबा मागायची. डबा रिकामा. कार्डावर बरोबरची खूण. पुन्हा महिना, पुन्हा रिकामा डबा, पुन्हा खूण. एका रविवारी मी ह्यांना ते कार्डच दाखवलं. म्हटलं, बघा, सरकारी औषध, डोंगरातली अडाणी माणसं, आणि एका दिवसाचा खाडा नाही. ह्यांनी कार्ड चष्मा लावून पाहिलं आणि जपून परत दिलं. तो माझा मोठाच विजय होता.

दिवाळीच्या सुमारास ती परत वाळायला लागली. आधी मला वाटलं, कामाचे दिवस आहेत. मग पदराचं टोक परत दुमडलेलं दिसलं. केंद्रावरचे डॉक्टर त्या दिवशी नेमके हजर होते. त्यांनी कार्ड पाहिलं आणि सगळ्यांदेखत मला झापलं, की खोट्या खुणा करता, रोगी औषध घेतच नाही. मी शपथेवर सांगितलं की डबा मी माझ्या डोळ्यांनी रिकामा पाहिला आहे. ते म्हणाले, मग गोळ्या कुठे गेल्या?

घरी आले तर हे म्हणाले, खडू असेल तुमच्या गोळ्यांत. नेहमीचंच बोलणं, पण त्या दिवशी ते मला लागलं. सोमवारी केंद्रावर गेल्यावर मी बरणीतली एक गोळी चावून पाहिली. कडू जहर होती. तरीही मनात पाल चुकचुकलीच. जुना माल आला असेल का? पावसाळ्यात ओल धरली असेल का? ज्या सरकारची मी इतकी वर्षं वकिली केली, त्याच्यावरचा माझाच विश्वास उडायला लागला, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार तरी कुणाला? घरात तर खाजगीवाला बसलेला.

मधल्या काळात वाड्यावरच्यांनी एक शेळी विकली आणि सुनेला भोरला आणलं, ह्यांच्याच डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, सरकारी गोळ्या चालू आहेत ना? चालू आहेत म्हटल्यावर, त्या सोडू नका म्हणाले, एक गरम सुई दिली आणि टॉनिकची लाल बाटली. तिला चार दिवस हुशारी वाटली. चार दिवस पुष्कळ झाले. इकतचं औषध ते इकतचं, असं सगळ्या खोऱ्यात झालं.

पुढच्या आठवड्यात खालच्या वस्तीत एक बाळंतपण होतं. ते उरकलं आणि माझा जायचा दिवस नसताना मी तशीच वर चढले. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. दारात पोचले आणि उभीच राहिले. सासू चुलीपाशी बसली होती, मांडीवर चहापत्तीचा डबा. एक गोळी तिने म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली. एक थोरल्या सुनेच्या. एक अर्धी करून लेकराला. एक स्वतःच्या तोंडात. आणि एक धाकट्या सुनेला, म्हणजे माझ्या रोग्याला. सगळ्यांनी एकाच तांब्यातलं पाणी प्यायलं. महिन्याच्या गोळ्या आठवड्याभरात संपत होत्या. डबा रिकामा असणारच. मी दर महिन्याला गोळ्या संपल्या का एवढंच विचारलं होतं. कुणी खाल्ल्या, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

धाकट्या सुनेच्या अंथरुणावरच्या खुंटीला टॉनिकची लाल बाटली टांगलेली होती, फडक्यात गुंडाळून. मी विचारलं, तीही वाटता का? सासू माझ्याकडे असं पाहू लागली, की मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले.

"ती इकतची हाय, बाई," ती म्हणाली. "तिच्या नावानं शेळी इकली. ती तिचीच. काकणं भरली तर जिची तिलाच ऱ्हात्यात न्हवं? आन ह्या गोळ्या सरकारच्या. सरकार काय एकट्या सुनंचं हाय व्हय?"

त्या वाड्यात बाहेरून जे येईल ते चुलीपाशी वाटलं जायचं. गुळाचा खडा असो, जत्रेतला बत्तासा असो, शिकारीचं मांस असो. म्हातारी वाटे करणार आणि सगळ्यांच्या हातावर ठेवणार. एकट्याने खाल्लं असं त्या घरात कुणाबद्दल कधी बोललं गेलं नव्हतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. त्यात खोकला घरात सगळ्यांनाच थोडाफार होता, धुराने. तिच्या हिशेबी तिने काही चुकीचं केलं नव्हतं. उलट सून सरकारचं औषध एकटी गिळत बसली असती, तर तिलाच लाज वाटली असती.

मी रागावले, रडकुंडीला आले, फोटोतली पोकळी हाताने काढून दाखवली. तिला पटलं. खरंच पटलं, तिने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. मी निर्धास्त होऊन उतरले. पंधरा दिवसांनी जाऊन पाहते तर पालथ्या घड्यावर पाणी. "म्हातारा म्होरं बसून खोकतू," ती हळूच म्हणाली. "त्याच्याम्होरं म्या सुनंच्या हातावर ठिवू आन त्याला नुसतं पानी देऊ? हातच म्होरं हुत न्हाई, बाई." मग मी सुनेला गोठ्यात एकटीला गाठलं आणि गोळ्या तिच्याकडेच देऊ केल्या. गुपचूप घे म्हटलं. तिने हात मागे घेतला. "चोरून खाऊ व्हय?" एवढंच म्हणाली. सासरी चोरून खाणाऱ्या सुनेला काय म्हणतात ते मलाही ठाऊक होतं. मी हात टेकले.

त्या रविवारी मी ह्यांना सगळं सांगितलं. हसतील, म्हणून तयारीत होते. ते हसले नाहीत. सुपारी कातरली आणि म्हणाले, "तुझ्या गोळ्या माझ्याकडं दे."

तेव्हापासून आमच्या दोघांची चोरी सुरू झाली. सरकारी बरणीतल्या तिच्या हक्काच्या गोळ्या मी शनिवारी भोरला आणायची. हे त्यांच्या दवाखान्याच्या गुळगुळीत कागदात रोजची एक अशा पुड्या बांधायचे आणि प्रत्येक पुडीवर तिचं नाव घालायचे, झोकदार अक्षरात. तिचा नवरा बाजाराच्या दिवशी लोणी विकायला यायचा, तो पुड्या घेऊन जायचा. फुकट दिल्या तर परत चुलीपाशी वाटल्या जाणार, म्हणून काहीतरी घेणं भाग होतं. महिन्याला एक पायली नाचणी ठरली. ह्यांच्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं, माझ्या डॉक्टरांनाही नव्हतं. कळतं तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. त्या नाचणीच्या भाकरी आम्ही दीड वर्ष खाल्ल्या. मला त्या गोड लागायच्या नाहीत, पण टाकून द्यायलाही जीव होत नव्हता.

पुड्यांना त्या घरात कुणी हात लावला नाही. लेकरानेसुद्धा नाही. तिच्या थुंकीत पुढे दोनदा काही निघालं नाही, फोटोतली पोकळी भरत आली, आणि दीड वर्षाने ती बरी झाली. उघडपणे बरी झाली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढण चढायला लागली. अर्थात कुणी बरी केली, यावर खोऱ्यात दुमत नव्हतं. सरकारी गोळ्यांनी वाळली आणि भोरच्या पुड्यांनी उठली. मला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट कीव केली, की बाई बिचारी चालते लई, पण तिच्याकडं औषधच तसलं, ती तरी काय करणार.

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मनात यायचं. पण आधी पुड्या बंद पडतील म्हणून बोलले नाही आणि नंतर नोकरीच्या भीतीने. मग नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस आणा म्हणून वरून तगादा सुरू झाला, आणि मी टेकाडावर दिसले की पुरुष माणसं रानात पळायची. सरकार फुकट देतंय म्हणजे काहीतरी काढून घेणार, असं एक म्हातारा मला तोंडावर म्हणाला. तो चुकत नव्हता, म्हणून मी त्याच्यावर चिडू शकले नाही. अशा दिवसांत सरकारी गोळीचं गुणगान कुणाच्या गळी उतरवणार? मी गप्प राहिले आणि पाय ओढत राहिले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भाद्रपदातल्या एका रविवारी, ती आमच्या भोरच्या दारात उभी राहिली. ठणठणीत होती. काखेत एक करडू होतं. मागे पायरीवर तिचा नवरा बसला होता आणि खोकत होता. तो खोकला ऐकला आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. किती दिवस झाले म्हणून विचारलं. शिमग्यापासून, ती म्हणाली. मग आजपर्यंत कुठे होतात? तर त्या वर्षी त्यांची म्हैस मेली होती, विकायला दुसरं काही नव्हतं. शेळी व्याली आणि करडू जरा मोठं होईतो ते थांबले होते. सहा महिने. त्या सहा महिन्यांत तो दर बाजाराला माझ्या उपकेंद्राच्या दारावरून गेला होता. मी ओसरीवर बसलेली असायची. त्याने मला रामराम केला होता. छातीचं कधी बोलला नव्हता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं: त्या गोळ्या हिच्याच, सरकारीच. मी नुसत्या कागदात बांधल्या. उद्यापासून केंद्रावरून घ्या, काही देऊ नका, फक्त वाटू नका.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा करडाकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"करडू ल्हान हाय म्हून असं म्हनताय व्हय, दादा?" ती म्हणाली. "आनखी काय लागंल ते सांगा, म्या करीन. पर आमाला फुकटच्या गोळ्यांवर वाटंला लावू नगा."

बाहेर तो परत खोकला. मला ओरडावंसं वाटलं आणि कुणावर ओरडावं ते कळेना. हे मान खाली घालून बसले होते. मी उठले, हात धुतले आणि तिच्या काखेतलं करडू घेतलं.

तिचा नवरा पुढच्या आषाढापर्यंत जगला. एकही पुडी त्याने चुकवली नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला दिली नाही.